आईवडिलांना नीट वागवतोस का

पांढरी गोटी नळीतून घरंगळत आली आणि माझ्या ओळीसमोर थांबली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता वर्षभर आपल्याला घरी बसावं लागणार नाही. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. माझे दुसरे विचार नेहमीच मागून लंगडत येतात. दगडी फळा माणसाहून उंच. त्यात खाचांच्या ओळी, प्रत्येक खाचेत एकेकाची काशाची पट्टी खोचलेली, पट्टीवर नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव. माझ्या पट्टीवर: मिक्योन, स्मिकिथोसचा, कोइलेचा. कोइले म्हणजे खळगा. आमची वस्ती खळग्यात आहे आणि पूर्वजांना नाव शोधायचा कंटाळा होता. बाजूच्या नळीत काळ्या-पांढऱ्या गोट्या ओततात आणि खालून एकेक सोडतात. काळी आली की ती अख्खी ओळ घरी जाते, पांढरी आली की ती अख्खी ओळ राज्य करते. राज्य करायला माणसात काही गुण लागत असतील असं परगावच्या लोकांना वाटतं. अथेन्समध्ये गुण लागतात ते सेनापतीला आणि पाणवठ्यांच्या देखरेख्याला, कारण ते दोघे चुकले तर माणसं मरतात. बाकीच्यांना गोटी लागते.

"अभिनंदन, लेका," थेओफोन म्हणाला. थेओफोन माझा लहानपणापासूनचा मित्र. तो बाजारात दिवे विकतो, त्यामुळे दिवसभर अंधाराची वाट बघत असतो. त्याचीही पट्टी फळ्यात होती, त्याच्या ओळीला काळी आली होती. "शहरातली सगळी घाण आजपासून तुझी."

"वर्ष बदलल्यावर," मी म्हटलं. "तोवर ती सगळ्यांची."

मला नगर-निरीक्षकाचं पद आलं होतं. असे निरीक्षक दहा असतात, पाच शहरात आणि पाच बंदरावर. मैला उचलणाऱ्यांनी तो तटापासून अर्ध्या कोसाच्या आत टाकू नये हे बघायचं. कुणी घराचा सज्जा रस्त्यावर काढला तर तो पाडायचा. छपराची पन्हळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावर सोडली तर तिचं तोंड वळवायचं. रस्त्यात कुणी मेला तर त्याला उचलवायचं. आणि एकाच बासरीवालीसाठी दोन यजमान भांडायला लागले तर मध्ये बसून चिठ्ठ्या टाकायच्या. थेओफोनला हे शेवटचं फार आवडलं होतं. मला सगळंच आवडलं होतं, प्रेतंसुद्धा, कारण यातलं काहीच माझ्या अंगणात घडत नव्हतं. मी पलंगाचे पाय घडवतो. वडीलही तेच घडवत. आमचा कारखाना म्हणजे अंगणातली एक पडवी. दिवस उगवला की मी पडवीत बसतो, समोर अंगण, अंगणात वडील. दिवस मावळला की मी उठतो. मध्ये मी एक पाय घडवलेला असतो आणि वडिलांनी एक प्रश्न साठ वेळा विचारलेला असतो.

"छाननीला साक्षीदार मलाच घे," थेओफोन म्हणाला. आम्ही न्हाव्याच्या दुकानावरून चाललो होतो. आत चार माणसं केस न कापता बसली होती, नेहमीची. "तुझ्या आजोबांचं थडगं मी पाहिलंय. अजून आठवलं की हसू येतं."

तेवढ्यात दुसरा विचार येऊन पोचला. गोटी कुणालाही निवडते, पण निवडलेल्याला खुर्चीवर बसण्याआधी पंचांसमोर उभं करतात. सज्जे कसे पाडतात, मैला किती दूर न्यायचा, यातलं अक्षरही विचारत नाहीत. बाप कोण, बापाचा बाप कोण, आई कोणाची, घरातले देव कुठे, थडगी कुठे, हे विचारतात. आणि मग, त्याच सुरात, थडग्यांना लागूनच विचारतात: आईवडिलांना नीट वागवतोस का? उत्तर दिलं की निवेदक मोठ्यानं पुकारतो, याच्यावर कुणाला आरोप करायचा आहे काय. सगळं शहर तिथे येऊ शकतं. सगळं शहर येत नाही, पण म्हातारे येतात.

वीस दिवसांपूर्वी मी माझ्या वडिलांना मारलं होतं.

हे वाक्य मी मनात बऱ्याच प्रकारे फिरवून पाहिलं आहे. लाकूड फिरवून बघतो तसं, कुठून तासलं तर गाठ येणार नाही ते बघत. ढकललं म्हणून पाहिलं. हात लागला म्हणून पाहिलं. गाठ येतेच. उजव्या कानावर, उघड्या हातानं, एकदा. आमच्याकडे बापावर हात उचललेल्याला सभेत बोलता येत नाही, पदावर बसता येत नाही, देवळाच्या पायरीवर चढता येत नाही, कोर्टात साक्ष देता येत नाही. म्हणजे तो जिवंत असतो, जेवतो, पलंगाचे पाय घडवतो, पण नागरिक म्हणून तो संपला. मला सभेत बोलायची हौस नाही. आजवर तिथे मी एकदाच उभा राहिलो, तेही पायाला मुंग्या आल्या म्हणून. पण न बोलणं वेगळं आणि बोलायला बंदी असणं वेगळं. शिवाय बाहेर पडायची सोय संपून मला उरलेलं आयुष्य त्याच अंगणात काढावं लागलं असतं, त्याच माणसासमोर.

वडिलांचा आजार सांगणं कठीण आहे, कारण त्यांना काही होत नाही. त्यांची प्रकृती माझ्याहून चांगली आहे. सत्तराव्या वर्षी ते अंजिराच्या झाडावर हात पोचवतात आणि कायद्यातली कलमं क्रमानं म्हणतात. मापं तपासणारा अधिकारी म्हणून त्यांचीही एकदा गोटी निघाली होती. त्या वर्षी बाजारात कुणाचं माप किती खोटं होतं ते त्यांना दुकानांच्या ओळीनुसार आठवतं. फक्त मी आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका सकाळी ते पडवीत आले, मी घडवत असलेला पाय हातात घेऊन उन्हात धरला, म्हणाले, "काम चांगलं आहे. पाहुणे, आपलं गाव कोणतं?"

मला विनोद वाटला. आमच्या घरात विनोद चेहरा न हलवता करायची पद्धत आहे, ती त्यांचीच. मी चेहरा न हलवता म्हटलं, "मेगारा." मेगाराचे लोक आमचे शेजारी, आणि शेजाऱ्याबद्दल जे वाटायचं ते आम्हाला त्यांच्याबद्दल वाटतं. ते म्हणाले, "असू दे. तिथेही माणसं असतात." आणि त्या दिवसापासून मी मेगाराचा झालो. एका शब्दाचा विनोद, दोन वर्षं चालला आहे. परत घ्यायचा प्रयत्न मी केला. बाबा, मी मिक्योन, तुमचा मुलगा, असं म्हटलं की ते सभ्यपणे हसत, परक्याच्या थट्टेला हसावं तसं, आणि विचारत, "पण खरंच, पाहुणे, मिक्योन येणार कधी?" त्यांच्या मते मिक्योन कामासाठी बाहेर गेला आहे आणि त्यानं पडवी एका मेगारकराला भाड्यानं दिली आहे. मिक्योन हुशार आहे. मिक्योन हसवतो. मिक्योन आला की आपण मासळी आणू. मला त्या मिक्योनचा कंटाळा येत चालला होता. एवढ्या चांगल्या माणसाशी एका घरात राहणं सोपं नाही, त्यात तो घरात नसताना.

त्या दुपारी मी त्यांच्या चपलेचा बंद बांधत होतो. गरमी होती, किड्यांची किरकिर एकसारखी चालली होती, आणि माझे खांदे दुखत होते. कामानं नव्हे. भिजलेलं घोंगडं अंगावर टाकावं तसं काहीतरी दोन वर्षं खांद्यांवर होतं आणि वाळत नव्हतं. ते वरून म्हणाले, "मिक्योन आला का?" मी म्हटलं, "नाही." मी दुसरा बंद घेतला. ते म्हणाले, "मिक्योन आला का?" माझा हात उठलेला मी पाहिला. मी तो थांबवला नाही हे खरं आहे. थांबवायची शक्ती नव्हती हेही खरं असेल, पण कोर्टात ते कुणी विचारत नाही. आवाज लहानसा झाला. अंगणात घरच्या देवाची, झेउसची वेदी आहे, तिच्यावर आमची कोंबडी बसते, ती उठून पुन्हा बसली. वडिलांनी कानाला हात लावला. चिडले नाहीत. फक्त परक्या गावात वाट चुकलेल्या माणसासारखं इकडेतिकडे बघितलं. मग हळू आवाजात, जवळजवळ माझीच काळजी वाटून, म्हणाले, "हे बरं नाही केलंत, पाहुणे. मिक्योन आला की मला त्याला सांगावं लागेल."

त्यांनी मला लहानपणी कधी मारलं नव्हतं. वर्षातून एकदा आम्ही थडग्यांवर तेल आणि फिती घेऊन जायचो. आजोबांच्या दगडावर आरशात बघणारी एक बाई कोरलेली आहे. आजोबा गेले तेव्हा दगडफोड्याकडे तयार दगड तोच होता, आणि आजीला तो आवडला. वडील त्या बाईपुढे उभे राहून आजोबांशी बोलायचे, अगदी गंभीरपणे, अंगणातली आणि बाजारातली बातमी द्यायचे. मी हसलो की तेही आतल्या आत हसायचे. ते फक्त मला कळायचं. तोंडाचा एक कोपरा, तोही पूर्ण नाही. तो कोपरा मी त्या दुपारी शोधला. नव्हता.

लिसिल्ला आतल्या खोलीत मागावर विणत होती. माझी बायको. माग थांबला आणि काही वेळानं पुन्हा सुरू झाला. त्या दिवसापासून वडिलांच्या चपला ती बांधते. आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. पांढरी गोटी निघाली तो दिवस संपेपर्यंत झालं नाही. मी घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. थेओफोनच्या दुकानावरून गल्लीत, गल्लीतून वडिलांच्या कानात, त्याच कानात. ते अंगणाच्या मध्यभागी काठी टेकून उभे होते, वीस वर्षांनी लहान झालेले. "पाहुणे, ऐकलंत? मिक्योनची गोटी निघाली."

"ऐकलं," मी म्हटलं.

"छाननीला मी जाणार. बाप जिवंत असताना बाप गेला पाहिजे. लोक काय म्हणतील?"

जेवताना लिसिल्लानं जवाची भाकरी आणि मसूर पुढे ठेवली, जैतून ठेवले आणि वडिलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामंजींना नेऊ नका."

"ते येणार म्हणतात."

"मग नाव मागे घ्या. शपथ घेऊन सांगा, तब्येत बरी नाही. लोक घेतात."

"गल्लीभर सांगून झालंय त्यांचं. आता मागे घेतलं तर लोक का म्हणून विचारतील. आणि का हे मला सांगता येणार नाही."

ती भाकरीचे तुकडे करत राहिली. तुकडे गरजेपेक्षा लहान झाले. "मी त्या दिवशी आत होते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"बाईची साक्ष चालत नाही तुमच्या कोर्टात. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर दिली असती, खोटी. तुमच्यासाठी नाही हं. त्यांना ज्या मुलाची वाट बघायची सवय झालीय ना, त्याच्यासाठी."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. वडिलांना सगळे प्रश्न तोंडपाठ, क्रमानं, मूळच्या शब्दांत. अडचण एकच होती, की उमेदवार बाहेरगावी होता. त्यावर त्यांनीच तोड काढली. "पाहुणे, मिक्योन येईपर्यंत तुम्ही त्याच्या जागी उभे राहा. तुम्हाला काम आहे हे मला समजतं. पण उत्तरं कशी वाटतात ते मला ऐकायचंय." म्हणून मी मिक्योनच्या जागी उभा राहिलो. अंगणात, वेदीच्या डाव्या बाजूला, कोंबडीसमोर. वडील अंजिराखालच्या बाकावर बसून पंच झाले. बाप कोण? स्मिकिथोस. कोणत्या वस्तीचा? कोइले. तुमचा उच्चार सुधारतोय, ते म्हणाले, मेगारा जवळजवळ कळत नाही. मी आयुष्यात प्रथमच माझं नाव नीट पाठ केलं. दिवसातून तीनदा, चारदा. एका माणसाची नक्कल करता करता आपण तोच आहोत हे विसरायला होतं, असं माझं व्हायला लागलं. मिक्योन कसा उभा राहील याचा मी विचार करू लागलो. तो बहुधा खांदे ताठ ठेवील. त्याचे खांदे दुखत नसतील.

आणि मग तो प्रश्न. "आईवडिलांना नीट वागवतोस का?"

पहिल्या दिवशी मी "होय" म्हटलं आणि जमिनीकडे बघितलं.

"मोठ्यानं," वडील म्हणाले. "मागच्या बाकांना ऐकू जायला हवं."

"होय."

"अजून मोठ्यानं. लाजण्यासारखं काय आहे त्यात? तो वागवतो ना नीट."

ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काही आहे का हे मी दररोज, प्रत्येक वेळी शोधलं. काही दिसलं की मला वाटे आठवतंय त्यांना. काही दिसलं नाही की वाटे, लपवताहेत. जो माणूस आपल्याला ओळखतच नाही, त्याला आपण काय केलं ते ओळखता येतं का? तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाजूच्या धोब्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं, एवढं होय होय काय चाललंय. मी म्हटलं, म्हातारा माझ्या प्रामाणिकपणाची मशागत करतोय. तो हसला. माझ्या बोलण्याला लोक हसतात. लहानपणी मी विनोद करायचो, आता करत नाही, पण चेहरा तोच राहिला आहे. मला खूप थकल्यासारखं होतंय असं मी एकदा न्हाव्याच्या दुकानात सांगितलं होतं. चौघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. न्हावी म्हणाला, हे पुन्हा एकदा सांग.

छाननीच्या दिवशी सकाळी वडिलांनी धुतलेला झगा घातला. "मिक्योन?" त्यांनी विचारलं. लिसिल्ला पटकन म्हणाली, "ते परस्पर तिथेच येणार आहेत, मामंजी. तुम्ही पाहुण्यांबरोबर जा." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, ही खोटी साक्ष देईल तर उत्तम देईल. बाजारातून आम्ही तिघे गेलो, थेओफोन मध्ये. वडील त्याला ओळखतात, त्याला अरेतुरे करतात, त्याच्या बापाचे दिवे गळायचे हे त्याला सांगतात. माझ्याशी बोलताना आवाज सभ्य होतो. "पाहुणे, तुम्ही मागे बसा, परक्यांना पुढे सोडत नाहीत. मिक्योन उभा राहिला की मला खूण करा, माझी नजर लांबचं धरत नाही."

कोर्टात चटया घातलेल्या बाकांवर पंच बसले होते. पाचशेच्या वर असावेत, आणि सगळे गोटीनंच निवडलेले, कुणालाच कुणाची ओळख नको म्हणून. मला त्यातले चाळीसएक ओळखत होते. वडील जिथे बसले तिथून मी त्यांना एक उंच काळी आकृती दिसत असेन, मिक्योनच्या मापाची. तेवढ्यावर सगळं अवलंबून होतं, आणि तेवढ्यानंच मला जरा बरं वाटत होतं, ही लाजेची गोष्ट आहे.

अध्यक्ष सर्दीनं बेजार होता. "बाप?"

"स्मिकिथोस, कोइलेचा."

"घरचा झेउस आहे का? कुठे आहे?"

"अंगणात. वर कोंबडी आहे."

बाक हसले. मी विनोद केला नव्हता. निरीक्षकानं खरं सांगायचं असतं म्हणून सांगितलं.

"थडगी कुठे?"

"कोइलेच्या वेशीबाहेर, उजव्या हाताला. आजोबांच्या जागी आरसा बघणारी बाई आहे."

"साक्षीदार?"

"मी," थेओफोन उठला. "बाई मी स्वतः पाहिली आहे. आजोबांपेक्षा देखणी आहे." आता मागचे बाकही हसले. अध्यक्षानं नाक पुसलं आणि खालच्या आवाजात, यादीतली पुढची ओळ म्हणून, विचारलं, "आईवडिलांना नीट वागवतोस का?"

अंगणात इतक्या वेळा म्हटलेलं होतं, की ते माझं मी म्हटलंच नाही. तोंडातून ते आपण होऊन निघालं, मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं. होय. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू आलं." मग लढाईच्या मोहिमा किती केल्या ते विचारलं. दोन, मी म्हटलं. दोन्हींतून परत आलो. आणि निवेदक पुढे आला, छाती भरून घेतली आणि पुकारलं, याच्यावर कुणाला आरोप करायचा आहे काय.

काठी वाजली. ती काठी मी शंभर काठ्यांतून ओळखतो, कारण तिची मूठ मी घडवली आहे. वडील उभे होते. सगळी डोकी तिकडे वळली आणि मला जे झालं ती भीती नव्हती. ओझं घेऊन दिवसभर चाललेल्याला कुणी तरी खाली ठेव म्हटल्यावर होतं, तसं झालं. आता होऊन जाईल, मी मनात म्हटलं.

"मी स्मिकिथोस. बाप," वडील म्हणाले. आवाज त्यांचा जुना, मापं तपासतानाचा. "आरोप करायचा नाही. साक्ष द्यायची आहे. हा माझा मुलगा मिक्योन. असा मुलगा कोइलेत दुसरा नाही. मला नीट वागवतो. त्यानं मला कधी बोट लावलं नाही. उलट, तो बाहेरगावी असताना आमच्याकडे एक मेगारकर राहतो. त्यानं मला मारलं. इथे." त्यांनी कान दाखवला. "मिक्योन घरी असता तर हे घडलं नसतं. एवढंच लिहून घ्या." आणि ते बसले.

बाकांवर गलका झाला. मेगारकरानं? नागरिकाला? त्याच्याच घरात? कुणी म्हणालं हाकलून द्या, कुणी म्हणालं हाकलून काय, बांधून आणा. पाचशे माणसं माझ्या वतीनं माझ्यावर चिडली होती. अध्यक्षानं हात वर केला. "आजोबा, त्याचं नाव काय?"

वडिलांनी बराच वेळ विचार केला. "आठवत नाही," ते म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे वळला. सर्दीनं लाल झालेले डोळे, दयाळू. "तुझ्या घरी मेगारकर आहे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तयारी होती, पाठांतर होतं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते. दोन वर्षं मी ती पुरवून वापरली होती आणि तळाला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आहे. तो मेगारकर मीच. मी वडिलांना मारलं."

मग पहिल्या बाकावर न्हाव्याच्या दुकानातला एक जण होता, तो फुटला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळं कोर्ट. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होती, थेओफोन मांडीवर थापा मारत होता, निवेदकानं तोंडावर झगा धरला होता. मी पुन्हा म्हटलं, खरं सांगतोय, उजव्या कानावर, उघड्या हातानं. त्यानं आणखीच बिघडलं. मी खोल विहिरीत ओरडत होतो आणि वरून लोक माझ्या आवाजाचं कौतुक करत होते. "पुरे, पुरे," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाला. "घाणीच्या खात्याला असाच माणूस पाहिजे. मत द्या."

प्रत्येक पंचाकडे मधोमध आस असलेल्या दोन चकत्या असतात, त्यातली एक तो मत म्हणून टाकतो. भरीव आसाची बाजूनं, पोकळ आसाची विरुद्ध. फळीवर ओतून मोजल्या. सगळ्या भरीव निघाल्या, एक पोकळ. कुणीतरी एक जण माझं नीट ऐकत होता. तो कोण ते मी बाकांवर शोधलं. त्याला भेटून काय म्हणायचं होतं ते ठाऊक नाही, पण त्याच्याशेजारी थोडा वेळ बसावंसं वाटलं. मतदान गुप्त असतं, ही आमच्या राज्याची फार मोठी सोय आहे.

थेओफोन बाजारात थांबला, त्याला ही गोष्ट सगळ्यांच्या आधी सांगायची होती. वडील आणि मी दोघेच कोइलेच्या उतारावरून निघालो. ऊन डोक्यावर आलं होतं, गल्लीच्या एका कडेला वीतभर सावली उरली होती, त्यातून ते पुढे, मी मागे. एका घराची पन्हळ रस्त्यावर आलेली होती. ती वळवावी लागणार हे मी बघून ठेवलं आणि लगेच दमलो. वळणावर ते थांबले, इकडेतिकडे कुणी नाही असं पाहिलं.

"मिक्योन निवडून आला," ते म्हणाले. "चांगला बोलला. मला सगळं ऐकू आलं नाही, पण लोक फार खूश होते."

"होते."

"आता तो घरी राहील. तेव्हा पाहुणे, तुम्ही निघालेलं बरं. आजच. रागावून सांगत नाही. हात एकदाच उठला, आणि माणूस थकलेला असला की उठतो. पण कोर्टात नोंद झाली आहे. उद्या बांधायला येतील."

"कुठे जाऊ?" मी विचारलं. मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"घरी. तुमचेही वडील असतील."

"आहेत."

"मग जा ना. वाट बघत असतील." त्यांनी काठी भिंतीला टेकवली, माझ्या दंडावर हात ठेवला, जड, सुताराचा. आवाज आणखी खाली आणला. "आणि काळजी करू नका. नाव आठवत नाही असं मी तिथे म्हटलं. म्हाताऱ्यानं म्हटलं की पटतं लोकांना. मला तुमचं नाव चांगलं ठाऊक आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं आणि तोंडाचा कोपरा हलला की नाही ते मला सांगता येणार नाही. काय नाव आहे, असं विचारायचं होतं. तेवढं विचारलं की झालं असतं. मी विचारलं नाही. त्यांनी हात काढून घेतला, मला पुढे जायला वाट मिळावी म्हणून भिंतीशी सरकून उभे राहिले, आणि थांबले.